आस

डोलीचं जाळं तोंडाकडे ढिलं असतं,
आसेतून अख्खा हात जातो.
शेपटाकडे येईस्तोवर
करंगळीसुद्धा अडते.
मासा असाच फसतो, हळूहळू.
बेचाळीस वर्षं मी हेच विणतोय पाजपंढरीत,
पण चेंडू कुठल्या आसेत अडेल
हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं नफीसा सारंगनं.
बालवाडीची बाई. हर्णैच्या लिलावात
चपला हातात धरून
बर्फाच्या गाड्यांना वाट देत आली.
तिचा भाऊ कुवेतला, गोदामात.
त्याच्या जोडीनं खोकी उचलतो एक जण,
त्याची बहीण गाझात तंबूत शाळा भरवते,
म्हणजे जमेल त्या दिवशी भरवते.
तिनं यादी धाडलेली :
खडू. पाट्या. उड्या मारायच्या दोऱ्या.
चेंडू, मऊ असले तर बरं.
"मऊ कशाला?" मी म्हटलं.
"आवाज कमी होतो,"
म्हणाली, आणि कोळंबीची टोपली ओलांडून
पुढच्या माणसाकडे गेली.

हरबा चोगले बोललाच,
आपल्याच बालवाडीचे पत्रे गळतायत.
खोटं नव्हतं. अजून गळतात.
त्या गळतीखाली बादल्या नफीसाच लावते,
तिला कोण काय सांगणार?

मग आम्ही फाटकी जाळी काढली.
कुजलेलं कापून टाकलं, धड ते ठेवलं,
चार रात्री अंगणात बसून
गोलाची जाळी केली, सहा.
चार दापोलीच्या शाळांनी विकत घेतली,
दोन आम्ही वाळूत बांबू रोवून लावली.
ओहोटी अडीचची.
सामना अडीचला सुरू, पाचच्या आत खतम,
कारण नंतर मैदान समुद्राचं.
तिकीट दहा रुपये, पोरांना फुकट,
त्यामुळे पन्नाशीचीही पोरं बरीच आली.
हरबानं शंभराची नोट टाकली,
सुटे मागितले नाहीत.
"पत्र्याचं मी विसरलेलो नाय," एवढं म्हणाला.

अकरा हजार सहाशे चाळीस.
बँकेतल्या पोरीनं नोटा
नाकापासून लांब धरून मोजल्या.
बांगड्याचा वास, दुसरं काय.
पुढे ते पैसे भावाकडे, भावाकडून त्या माणसाकडे,
त्याच्याकडून कुठून कसे गेले,
मधे किती गळले,
मला ठाऊक नाही.
त्यांच्याकडेही समुद्र आहे, कोळी आहेत,
किती मैल आत जायचं ते दुसरंच कोणी ठरवतं, असं ऐकलं.
त्या दिवशी हातातली सुई
बराच वेळ तशीच राहिली.

दोन महिन्यांनी नफीसानं फोन पुढे केला.
अकरा सेकंदांचं चित्र.
मागे ताडपत्री, खाली धूळ,
एक मुलगी दोरीवर उड्या मारतेय,
दात पडलेले, पुढचे दोन.
चेंडू दिसला नाही. पाट्या दिसल्या नाहीत.
नफीसा मुलीकडे बघत होती.
मी दोरीकडे.
दोन तुकडे जोडलेले,
आणि गाठ चुकीची.
"सुटणार ती!" मी ओरडलो,
फोनवर, अकरा सेकंदांवर,
जणू ती पोर
माझ्या अंगणात खेळतेय.

पुन्हा लाव, म्हटलं. तिनं लावलं.
सातव्या उडीला चित्र संपतं,
गाठ सुटली का ते कळत नाही.

मग मी खाटेवर बसलो,
एक निळी दोरी घेतली, एक पांढरी,
म्हणजे कुठली कुणावरून जाते ते दिसेल,
आणि नफीसाला म्हटलं, आता माझं चित्र काढ.
तोंड नको. नुसते हात.
निळीची वेढणी करा.
पांढरी खालून आणा.
आता मागून फिरवा, स्वतःच्याच पोटाखाली घाला.
ओढा.
अजून ओढा.
भाषा त्यांना कळणार नाही, म्हणून
तीनदा करून दाखवलं,
दर वेळी आणखी सावकाश.